रॉझवेलचा विजेता हंगाम आणि त्याची मोजणी

डिसेंबर २०२१ मध्ये अर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉक शहरात, वॉर मेमोरियल स्टेडियमवर, न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटच्या पोरांनी आयोवा वेस्टर्न कॉलेजला ३१-१३ असं हरवलं आणि दोन वर्षांच्या कॉलेजांमधलं अमेरिकन फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद रॉझवेल गावात नेलं. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, होता डिएगो पाविया. अल्बुकर्कीचा हा मुलगा शाळेतून बाहेर पडला तेव्हा वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती.

तीन वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या संघीय न्यायालयाने एक मनाई हुकूम दिला. वाद याच विजेत्या हंगामाचा होता. कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणाचं वय खोटं नोंदलं नव्हतं, सामन्याचा निकालही कोणाला बदलून नको होता. भांडण होतं ते मोजणीचं. रॉझवेलमध्ये खेळलेलं ते वर्ष पावियाच्या कारकिर्दीतून वजा करायचं की नाही, एवढाच प्रश्न. आणि एवढ्याशा प्रश्नाने अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची पात्रतेची चौकट हलली. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो आहे.

दोन वर्षांचं कॉलेज म्हणजे काय

आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतलं ज्युनियर कॉलेज बारावीनंतर सुरू होतं. तिथे दोन वर्षांची पदविका मिळते, शुल्क मोठ्या विद्यापीठांपेक्षा बरंच कमी असतं, प्रवेश सोपा असतो, आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे अशा पहिल्या सार्वजनिक कॉलेजची सुरुवात झाली. खेळाडूंच्या तोंडी या कॉलेजांचं नाव ‘जुको’. त्यांच्या खेळांचा कारभार एनजेसीएए ही १९३८ साली स्थापन झालेली संघटना पाहते. कॅलिफोर्नियाची कॉलेजं मात्र या संघटनेबाहेर राहून आपला वेगळा संसार करतात. मोठ्या विद्यापीठांची संघटना एनसीएए निराळी. तिच्या हातात पैसा, दूरचित्रवाणीचे करार, ऐंशी हजारांची मैदानं आणि व्यावसायिक लीगचा दरवाजा.

जुकोला कोण जातं? ज्याचे शाळेतले गुण एनसीएएच्या अटीत बसत नाहीत तो. ज्याची उंची उशिरा वाढली तो. ज्याच्या घरी पैसा नाही तो. मोठ्या विद्यापीठातून काही कारणाने बाहेर पडावं लागलं तो. फ्लोरिडा विद्यापीठ सोडलेल्या कॅम न्यूटनने २००९ मध्ये टेक्सासातल्या ब्रेनम गावच्या ब्लिन कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी तो ऑबर्न विद्यापीठाकडून खेळला, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारा हाइझमन करंडक जिंकला आणि ऑबर्नला राष्ट्रीय विजेता केलं. पुढे व्यावसायिक लीगमध्ये गाजलेल्या ॲरन रॉजर्सला शाळेनंतर कोणी विचारलं नाही, म्हणून तो २००२ मध्ये घराजवळच्या ब्यूट कॉलेजात खेळला. त्या वर्षी ब्यूटने अकरापैकी दहा सामने आणि आपल्या गटाचं विजेतेपद जिंकलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक तिथल्या दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला आले होते; त्यांची नजर रॉजर्सवर गेली आणि ते त्यालाही घेऊन गेले.

ही नावं सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, त्याच विजेत्या संघांतल्या साठ-सत्तर मुलांचं मात्र पुढे काय झालं ते फारसं कोणी लिहीत नाही. पावियाचा खटला त्यांच्याही नावाने लढला गेला असं मी मानतो, जरी अर्जावर सही एकट्याचीच होती.

रॉझवेल

न्यू मेक्सिकोच्या आग्नेय भागातलं हे गाव १९४७ च्या उडत्या तबकडीच्या गोष्टीमुळे जगभर ओळखलं जातं. गावाची खरी ओळख गुरं, मेंढ्या, तेल आणि १८९१ मध्ये सुरू झालेली ही लष्करी संस्था. गावातल्या फुटबॉल मैदानाचं नावच ‘वूल बोल’, म्हणजे लोकरीच्या धंद्याची आठवण. संस्थेत शाळाही आहे आणि दोन वर्षांचं कॉलेजही. फुटबॉलसाठी आलेला मुलगा असो की सैन्यात अधिकारी व्हायला आलेला, सगळे कॅडेट. गणवेश, बारीक कापलेले केस, बराकीत राहणं, कवायत, खोलीची तपासणी. नव्या कॅडेटला तिथे ‘रॅट’ म्हणतात आणि ते दिवस सोपे नसतात. डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाचा पुढे गाजलेला क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक नौदल अकादमीत जाण्याआधी एक वर्ष इथे होता. १९६३ चा हाइझमन त्याने नौदलाच्या संघाकडून जिंकला.

अशा ठिकाणी फुटबॉल संघ बांधायचा म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. एनजेसीएएत फुटबॉल खेळणारं न्यू मेक्सिकोत हे एकच कॉलेज. पूर्वी हा संघ ॲरिझोनाच्या कॉलेजांबरोबर खेळायचा. मग फिनिक्स परिसरातल्या मॅरिकोपा जिल्ह्याच्या कॉलेजांनी खर्चाचं कारण देऊन २०१८ नंतर फुटबॉल बंद केला, इतरांनीही केला, आणि तो सगळा गटच मोडला. रॉझवेलचा संघ आता टेक्सासच्या गटात खेळतो. किलगोर, टायलर, नवारो, ट्रिनिटी व्हॅली, सिस्को, ब्लिन ही त्या गटातली नावं. यांतली बरीचशी गावं पूर्व टेक्सासात आहेत. किलगोरला जायचं तर रॉझवेलहून हजारएक किलोमीटर, तेही बसने. सामना खेळायचा, पुन्हा बसमध्ये बसायचं, आणि सोमवारी सकाळी गणवेश घालून रांगेत उभं राहायचं.

शिस्तीला कंटाळून मुलं सोडून जातात, ही या संघाची कायमची अडचण. अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्या मुलाला केवळ चेंडू खेळायचा आहे, त्याला कॅन्ससमधल्या एखाद्या कॉलेजात मोकळेपणाने राहून खेळता येतं. तो रॉझवेलला का येईल? जे टिकतात ते मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात. प्रशिक्षक कर्ट टाउफाआसाउ यांचा २०२१ चा संघ तसा टिकलेल्या मुलांचा होता.

एका वर्षात दोन हंगाम

अमेरिकेत फुटबॉल हा शरद ऋतूचा खेळ. ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, डिसेंबरपर्यंत संपतो. २०२० मध्ये महामारीमुळे एनजेसीएएने संपूर्ण हंगाम पुढे ढकलला आणि तो २०२१ च्या वसंतात खेळवला. त्याची अंतिम लढत जून २०२१ मध्ये झाली, तीही लिटल रॉकलाच. कॅन्ससच्या हचिन्सन कॉलेजने युटाच्या स्नो कॉलेजला २९-२७ असं निसटतं हरवलं. दोनच महिने गेले आणि नेहमीचा हंगाम उभा ठाकला. अंग सावरायलाही वेळ नव्हता. म्हणजे २०२१ या एकाच सालात दोन राष्ट्रीय विजेते झाले. पुढच्या वादात या दोन हंगामांना अगदी उलट वागणूक मिळाली, म्हणून एवढ्या तपशिलात सांगतो.

शरदातल्या हंगामापासून एनजेसीएएने चार संघांची बाद फेरी आणली. त्याआधी वर्षानुवर्षं क्रमवारीतले पहिले दोन संघ एकाच लढतीत विजेतेपद ठरवायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा संघ ‘आम्हालाही संधी हवी होती’ म्हणत घरी बसायचा. रॉझवेलसारख्या आडबाजूच्या संघाला हा बदल मोलाचा होता. क्रमवारी मतांवर ठरते, आणि मतं ओळखीच्या नावांना आधी पडतात. कॅन्सस, मिसिसिपी, आयोवा ही ती ओळखीची नावं.

अंतिम फेरीत समोर आलेला आयोवा वेस्टर्न संघ त्या ओळखीच्या नावांपैकीच. काउन्सिल ब्लफ्स गावच्या या कॉलेजने प्रशिक्षक स्कॉट स्ट्रोमायर यांच्या हाताखाली २०१२ मध्ये विजेतेपद मिळवलं होतं आणि पुढे २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं मिळवलं. याचा अर्थ रॉझवेलने ज्या संघाला हरवलं तो उतरणीला लागलेला नव्हता, चढणीवर होता. मला या विजयाची किंमत तिथे दिसते.

३१-१३ हा आकडा या खेळाशी परिचय नसलेल्याला नीट कळणार नाही. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउनचे सहा गुण, त्यानंतरच्या एका प्रयत्नात आणखी एक किंवा फार तर दोन. म्हणजे एका चढाईत जास्तीत जास्त आठ. अठरा गुणांचं अंतर भरून काढायला समोरच्या संघाला किमान तीन यशस्वी चढाया लागतात, आणि तोवर तुम्ही एकही गुण करायचा नाही. शेवटच्या सत्रात असं अंतर असलं की प्रशिक्षकाला घड्याळ संपवत बसता येतं. घड्याळ संपवायला पळणारा क्वार्टरबॅक हवा. पाविया तसाच होता. शाळेत तो कुस्तीही खेळलेला. अंगावर माणूस आला तरी खाली न पडता आणखी दोन यार्ड काढायची त्याची सवय तिथली, हे त्याचा खेळ पाहणाऱ्याला सहज पटतं.

रॉझवेलला फुटबॉलमध्ये राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदाच मिळालं.

पुढची तीन वर्षं

२०२१ च्या अखेरीस प्रशिक्षक जेरी किल यांनी लास क्रूसेसच्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची सूत्रं घेतली. हा संघ अनेक दशकं पराभवांसाठीच प्रसिद्ध होता. किल यांनी पावियाला घेतलं. २०२२ मध्ये या संघाने बोलिंग ग्रीन विद्यापीठाला २४-१९ असं हरवून क्विक लेन बोल हा हंगामाअखेरचा सामना जिंकला. २०२३ मध्ये दहा सामने जिंकले, आणि त्यात ऑबर्नला ऑबर्नच्याच मैदानावर ३१-१० असं लोळवलं. २०२४ मध्ये किल आणि पाविया दोघेही नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. व्हँडरबिल्ट अभ्यासात मोठं, पण फुटबॉलच्या बलाढ्य गटात कायम तळाशी. ५ ऑक्टोबर २०२४ ला याच व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. अलाबामाला हरवण्याचा योग १९८४ नंतर प्रथमच आला होता. प्रेक्षकांनी गोलपोस्ट उपटले, शहरातून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत सोडले.

आणि या सगळ्या आनंदात एक हिशोब शांतपणे पुढे सरकत होता. एनसीएएच्या नियमाप्रमाणे खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. हंगाम म्हणजे कोणत्याही कॉलेजातला हंगाम. त्यात दोन वर्षांची कॉलेजंही आली. पावियाचे हंगाम मोजू. २०२० चा, म्हणजे वसंतात खेळलेला, महामारीच्या सवलतीमुळे धरला नाही. २०२१ रॉझवेल, पहिला. २०२२ आणि २०२३ लास क्रूसेस, दुसरा आणि तिसरा. २०२४ व्हँडरबिल्ट, चौथा. खेळ खलास.

म्हणजे २०२५ चा हंगाम त्याच्या हातातून जात होता तो नेमका विजेत्या हंगामामुळे. वसंतातला तेवढाच थकवणारा हंगाम शून्य धरला गेला, शरदातला पूर्ण एक.

मोजणीत अडचण काय

यूपीएससीला बसणाऱ्यांच्या घरात प्रयत्नांची मोजणी सगळ्यांना तोंडपाठ असते. पूर्वपरीक्षेचा पेपर लिहिला की एक प्रयत्न गेला, हे कोणी अन्याय्य म्हणत नाही. पण जिल्हा परिषदेच्या भरतीची परीक्षा दिली म्हणून यूपीएससीचा एक प्रयत्न कापला, असं कोणी सांगितलं तर? पावियाची तक्रार त्या जातीची होती. रॉझवेल एनसीएएचं सदस्य नाही. तिथल्या सामन्याचं तिकीट एनसीएए विकत नाही, तिथल्या मुलांना एनसीएए काही देत नाही. मग तिथे खेळलेलं वर्ष एनसीएएच्या वहीत कशाला?

याहून बोचरी गोष्ट अशी की शाळा संपल्यावर एखादा मुलगा खाजगी तयारी-शाळेत एक जादा वर्ष काढून तिथे फुटबॉल खेळला, तर ते वर्ष हंगाम म्हणून धरलं जात नाही. अशा शाळांची फी भरणारी घरं कोणती आणि जुकोला जाणारी घरं कोणती, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. दुसरं उदाहरण २००० सालच्या हाइझमन विजेत्या क्रिस विंकीचं. टोरांटो ब्लू जेजच्या दुय्यम संघांतून सहा वर्षं पगार घेऊन बेसबॉल खेळल्यावर तो फ्लोरिडा स्टेटकडून फुटबॉल खेळला आणि अठ्ठावीसाव्या वर्षी हा करंडक जिंकला. ती सहा वर्षं त्याच्या फुटबॉलच्या हंगामांतून वजा झाली नाहीत. व्यावसायिक बेसबॉल चालतो, रॉझवेलची कवायत चालत नाही.

पूर्वी या विषमतेची झळ खेळापुरती होती. २०२१ ने ती बदलली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलस्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत उभं केलं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, प्रतिमा आणि ओळख वापरू देऊन पैसे कमावण्याची मुभा मिळाली. म्हणजे रॉझवेलची पोरं ज्या शरदात विजेतेपदासाठी झगडत होती, त्याच शरदात एका हंगामाची किंमत डॉलरमध्ये मोजता येऊ लागली. पावियाच्या तक्रारीप्रमाणे २०२५ चा हंगाम हुकला असता तर त्याचं दहा लाख डॉलरांहून अधिक नुकसान होणार होतं.

न्यायालयात

नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम चालू असतानाच, पावियाने एनसीएएविरुद्ध दावा लावला. आधार १८९० च्या शर्मन कायद्याचा: व्यापारावर अवाजवी निर्बंध घालणारा करार बेकायदा. विद्यापीठं एकत्र येऊन ठरवतात की जुकोतून आलेल्याला कमी हंगाम देऊ. हा निर्बंध नाही तर काय, असं त्याचं म्हणणं.

एनसीएएची बाजूही पोकळ नव्हती, ती नीट ऐकायला हवी. पात्रतेचे नियम व्यापारी नाहीत, ते खेळाचं स्वरूप ठरवतात, असं ती म्हणाली. कॉलेजचा खेळ शिक्षणाच्या वाटचालीशी बांधलेला आहे. कोणी कितीही वर्षं खेळत राहिलं तर तो कॉलेजचा खेळ उरत नाही. आणि संघातल्या जागा ठरावीक असतात. चोवीस वर्षांचा अनुभवी क्वार्टरबॅक आणखी एक वर्ष थांबला की शाळेतून येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाची जागा जाते. हा शेवटचा मुद्दा मला खरा वाटतो, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला कोणत्याच बाजूच्या युक्तिवादात सापडलं नाही.

न्यायाधीश विल्यम कॅम्पबेल यांनी पावियाला तात्पुरता दिलासा दिला. कोण खेळू शकतो हे ठरवणारा नियम आता कोण कमावू शकतो हेही ठरवतो, म्हणून तो व्यापारी स्वरूपाचा आहे, असा त्यांच्या विचाराचा गाभा. या नियमामुळे एनसीएएच्या विद्यापीठांना जुकोपेक्षा फायदा मिळतो, याकडेही त्यांनी पाहिलं. हुशार मुलगा जुकोत जायला कचरतो, कारण तिथलं वर्ष त्याच्याकडून वसूल केलं जातं. म्हणजे नुकसान एकट्या खेळाडूचं होत नाही, रॉझवेलसारख्या कॉलेजाचंही होतं. निकालातला हा धागा बातम्यांमध्ये फारसा आला नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हुकमातलं आणखी एक कलम व्यवहारात कळीचं होतं. एनसीएएच्या नियमांत अशी सोय आहे की न्यायालयाच्या हुकमावर खेळाडू खेळला आणि पुढे तो हुकूम रद्द झाला, तर ते सामने, ते विजय काढून घेता येतात आणि विद्यापीठाला शिक्षा करता येते. या भीतीने अनेक विद्यापीठं हुकूम हातात असूनही खेळाडूला बाहेर बसवतात. कॅम्पबेल यांनी त्या नियमाचा वापरही रोखला. त्यामुळे व्हँडरबिल्टला निर्धास्तपणे त्याला मैदानात उतरवता आलं.

हुकमानंतर

पाच दिवसांत, २३ डिसेंबरला, एनसीएएने स्वतःहून सवलत जाहीर केली: एनसीएएबाहेरच्या कॉलेजात खेळलेल्या आणि २०२४-२५ मध्ये ज्यांची पात्रता संपत होती अशा सगळ्यांना २०२५-२६ मध्ये आणखी एक हंगाम. एकीकडे तिने अपीलही केलं. देशभर जुकोतून आलेले खेळाडू वकिलांकडे धावले. कुठे दिलासा मिळाला, कुठे नाकारला गेला. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाच्या एका खेळाडूला मिळाला. एका राज्यात जो मुलगा पात्र, तोच दुसऱ्या राज्यात घरी, अशी स्थिती झाली. राष्ट्रीय स्पर्धेचे नियम जिल्हा न्यायालयागणिक बदलू लागले की त्या स्पर्धेला अर्थ राहत नाही. पावियाच्या बाजूने मी ठाम असलो तरी हा परिणाम वाईटच म्हणायला हवा.

मैदानावर पावियाने त्या जादा वर्षाचं चीज केलं. २०२५ मध्ये व्हँडरबिल्टने आपल्या इतिहासात पहिल्यांदा दहा विजय नोंदवले. हाइझमनच्या मतदानात तो इंडियानाच्या फर्नांडो मेंडोझापाठोपाठ दुसरा आला. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली होती, प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा घालून. रॉझवेलचं वर्ष वजा झालं असतं तर हा हंगाम झालाच नसता.

कायद्याचा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने एनसीएएचं अपील निकाली काढलं, कारण सवलत आधीच दिलेली असल्याने वादाला कारण उरलं नव्हतं. जुकोचा हंगाम मोजणं कायदेशीर की बेकायदा, हे त्या न्यायालयाने सांगितलंच नाही.

माझं मत

हंगाम मोजू नये, पण वर्षं मोजावीत. शाळा संपल्यापासून ठरावीक वर्षांची मुदत सगळ्यांना सारखी असावी, मग तो मुलगा त्यातलं एखादं वर्ष तयारी-शाळेत काढो, दुय्यम बेसबॉलमध्ये काढो किंवा रॉझवेलच्या बराकीत. त्या मुदतीत तो कुठे खेळला याच्याशी एनसीएएला देणंघेणं नसावं. यात अठरा वर्षांच्या मुलाची जागाही सुरक्षित राहते, कारण पंचविशीपलीकडे कोणी रेंगाळत नाही. आणि गरीब घरच्या मुलाला कमी फीचं कॉलेज निवडल्याचा दंडही बसत नाही. असा नियम न्यायालयं लिहू शकत नाहीत. तो संघटनेलाच लिहावा लागेल, आणि लिहिताना एनजेसीएएला टेबलाशी बसवावं लागेल. दोन वर्षांच्या कॉलेजांबद्दलचा नियम आजवर चार वर्षांच्या विद्यापीठांनीच ठरवला आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. ज्याला कोणी विचारलं नव्हतं अशा मुलाला रॉझवेलने खेळवलं, शिस्तीत वाढवलं आणि राष्ट्रीय विजेता केलं. त्याचा लाभ आधी लास क्रूसेसला झाला, मग नॅशव्हिलला. मोठी विद्यापीठं आता कोट्यवधी डॉलर वाटतात. ज्या छोट्या कॉलेजातून खेळाडू घेतला, तिथे त्यातला काही भाग पोचावा अशी व्यवस्था या खेळात नाही. युरोपातल्या फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्या क्लबला बदलीच्या रकमेतला वाटा मिळतो. ॲरिझोनाची कॉलेजं खर्च परवडत नाही म्हणून फुटबॉल बंद करत होती तेव्हा असा वाटा मिळत असता, तर कदाचित त्यातली एखाद-दोन आज खेळत असती.

आणि उरतात त्या संघातले बाकीचे. एनसीएएची सवलत होती ती २०२४-२५ मध्ये पात्रता संपणाऱ्यांपुरती. २०२१ च्या विजेत्या किंवा हरलेल्या संघातून पुढे गेलेल्या ज्या मुलांचे हंगाम २०२३ मध्येच भरले, त्यांच्यासाठी या हुकमात काही नव्हतं. त्यांचं जुकोचं वर्ष अजूनही त्यांच्या नावावर खर्ची पडलेलं आहे, आणि ते परत मागायला आता उशीर झाला आहे.